लाल ठिपका

माझं डोकं लवकर फिरतं. हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

मी फोन दुरुस्त करते. अठरा वर्षं झाली. दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, मागे एक टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, चिमटे आणि स्क्रू अडकवून ठेवायची चुंबकाची थाळी. "आपोआप पाण्यात पडला हो" असं सांगत कुणी फोन पुढे केला की मी विचारते, "आपोआप पडला की पोहायला गेला होता?" मग माणूस ओशाळतो आणि खरं काय झालं ते सांगतो. खरं कळल्याशिवाय मी फोन उघडत नाही.

गेली आठ वर्षं माझी एक पद्धत होती. माझ्या टेबलावरून जो फोन दुरुस्त होऊन बाहेर जाईल, त्याचं अपडेट मी बंद करून टाकायचे आणि पाठीमागे खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका चिकटवायचे. ठिपका म्हणजे 'याचं अपडेट बंद केलंय, हात लावू नका'. कारण मी पाहिलं होतं ना! चांगला चालता फोन मोठं अपडेट घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी लंगडायला लागायचा. बॅटरी दुपारपर्यंत संपायची, कॅमेरा उघडायला मिनिट लागायचं, आणि लोक माझ्या नावाने खडे फोडायचे. म्हणून मी ती कटकटच मुळापासून काढून टाकली. गिऱ्हाइकांना ठिपक्याचा अभिमान वाटायचा. "आमच्या फोनला ठिपका आहे," असं एकमेकांना सांगायचे.

माझ्या ताईच्या फोनलाही ठिपका होता. तो तर मी खास दाबून बसवला होता.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसायची. 'दुसरा मजला, डावीकडे, घाबरू नका' हे ती दिवसातून दोनशे वेळा म्हणायची आणि दोनशेव्या वेळीही ते खरं वाटायचं. चार वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनआधी तीन आठवडे ती रोज एका बंद खोलीत बसून वाक्यं वाचत होती. एका छोट्या कंपनीने त्या वाक्यांवरून तिचा आवाज तयार केला आणि तो एका अॅपमध्ये घातला. ताई आता त्याच हॉस्पिटलात कागदपत्रांचं काम बघते; ती टाइप करते, फोन बोलतो. आवाज तिचाच. आवाज गेला पण दादागिरी गेली नाही, असं मी तिला चिडवायचे.

आणि आमच्या आईला दिसत नाही. काचबिंदूने तिचे डोळे त्याच्याही आधी गेले होते. म्हणजे बघा, एकीला बोलता येत नाही, दुसरीला दिसत नाही, आणि दोघी एका घरात. मधे तो फोन. 'औषध घेतलंस का', 'चहा गरम आहे, सांभाळ', 'आज आकाश भरून आलंय', असलं सगळं त्या फोनमधून. आईला कधी वाटलंच नाही की थोरलीचा आवाज गेलाय. ठिपका जरा फुगीर होता. आई बोटाने चाचपून ताईचा फोन ओळखायची आणि तिच्या हातात द्यायची.

ती कंपनी पुढे बंद पडली. माणसं भली होती. जाताना त्यांनी प्रत्येकाला अॅपची आणि आवाजाची एक प्रत पाठवली आणि सोबत कळवलं की फोनची पुढची मोठी आवृत्ती आली की हे अॅप त्यावर चालणार नाही. ताईने ती प्रत पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवली. मी तिच्या फोनचं अपडेट बंद केलं. मला वाटलं, झालं काम.

त्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे एक वाजता दुकान बंद करून जेवायला घरी आले होते. ताईला सुट्टी होती. ती आणि आई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. मी ताट वाढून घेत होते. ताईचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. इतक्यात आईचा फोन वाजला. तिचा फोन कोणाचा कॉल आहे ते मोठ्याने सांगतो. तो म्हणाला, "ताई."

आई हसली. "काय गं, शेजारी बसून फोन करतेस? कंटाळा आला वाटतं मटारचा!"

तिने बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर बोलायला लागला.

"आई, ऐकतेस ना? मी बाहेर अडकलेय. तुझ्या फोनवर आत्ता सहा आकडे येतील. तेवढे मला वाचून दाखव. घाई कर."

तो ताईचा आवाज होता. तोच. 'घाबरू नका' वाला.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ताईचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून काय येणार? तिने मटार सोडले आणि झपकन आईचं मनगट धरलं. आणि आई किंचाळली हो. इतक्या वर्षांत मी आईला किंचाळताना ऐकलेलं नाही.

"कोण आहे? माझा हात कोणी धरलाय? ताई, अगं घरात कोणीतरी आहे!"

हे ती फोनला सांगत होती. स्वतःच्या मुलीचा हात झटकत, त्या फोनला. ताईने हात सोडला नाही तेव्हा आईने तिला ढकललं. ताई खुर्चीसकट मागे गेली आणि मटार सगळीकडे उडाले.

"आई, मी आहे, मी!" मी ओरडले. "ती ताईच आहे! हात तिचा आहे!"

"मग ही कोण बोलतेय?" आई म्हणाली.

फोनमधून पुन्हा आवाज आला, "आई, घाई कर ना," आणि तेव्हा कुठे मी भानावर येऊन तो हिसकावला आणि बंद केला. मग फ्रिजवरचा ताईचा फोन उचलला. पडदा काळा होता, पण पाठ तव्यासारखी तापलेली. माझं काम हेच आहे, मला लगेच कळलं. फोन झोपलेला नव्हता. आत कोणीतरी बसून तो चालवत होतं.

मी तो बंद केला. ताई जमिनीवर बसली होती. आईने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते, कोणी पुन्हा धरू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत मला शोध लागला. त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरांना एक भोक सापडलं होतं. नुसता एक फोटो पाठवायचा, तो उघडायचीही गरज नाही, की चोर आत. आत आलेल्याने ताईच्याच फोनवरून कॉल केला होता आणि तिच्या अॅपमध्ये टाइप करून तिचा आवाज बोलायला लावला होता. भोक बुजवणारी दुरुस्ती निघालेली होती. मी सेटिंगमध्ये गेले. तिथे लिहिलं होतं: 'महत्त्वाची सुरक्षा दुरुस्ती. नव्या आवृत्तीत समाविष्ट.' म्हणजे दुरुस्ती हवी असेल तर पूर्ण नवी आवृत्ती घ्या. नवे रंग, नवी बटणं, नवं सगळं. आणि अॅप गेलं. आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी बोलत होती, आवाजात साखर.

"मॅडम, सुरक्षित राहायचं असेल तर नवीन आवृत्ती घ्या."

"मला नवीन आवृत्ती नको. मला फक्त भोक बुजवायचंय."

"दोन्ही एकत्रच येतात, मॅडम."

"अहो, मी दाराची कडी दुरुस्त करायला बोलावलं, तर तुम्ही म्हणताय आधी स्वयंपाकघर पाडू!"

"मी तुमची सूचना पुढे कळवते, मॅडम."

मी फोन आपटला. दुसऱ्या आवाजवाल्या कंपन्यांनाही विचारून पाहिलं. त्यांना जुनी फाईल वाचता येईना. त्यांना नव्याने बोललेली वाक्यं हवी होती. ती कुठून आणू?

ताईचा फोन मी बंदच ठेवला होता, म्हणून घरात चार दिवस आवाज नव्हता. ताईने एक टाळी वाजवली की हो, दोन वाजवल्या की नाही, असं आम्ही ठरवलं. आई प्रश्न विचारायची आणि टाळ्या मोजायची. पण टाळी ऐकली की ती दचकायची. तिसऱ्या दिवशी तिने प्रश्न विचारणंच सोडलं. ताई कामावरून आली की आई आपली खिडकीशी बसून राहायची, आणि ताई समोर. मी दोघींकडे बघायचे आणि मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो.

शनिवारी शिंपीकाका आले. काकांचं दुकान माझ्या शेजारी. त्यांचा फोन म्हणजे पुरातन वस्तू. कडा झिजलेल्या, कोपऱ्यात तडा. महिन्यातून एकदा त्यांच्या चार्जिंगच्या भोकात कापसाचे तंतू भरतात आणि मी ते सुईने काढून देते. ते काम काउंटरवरच होतं, टेबलापर्यंत फोन जात नाही. म्हणून त्याला ठिपका नाही.

"काका, हा फोन आता कुठेतरी काचेच्या पेटीत ठेवा," मी नेहमीचं बोलले, पण जीव नव्हता त्यात.

"पोरी, तू माझ्या फोनला नावं ठेव, पण तंतू नीट काढ," काका म्हणाले. "आणि परवा त्याने काहीतरी विचारलं, मी 'हो' म्हटलं. बिघडलं नाही ना काही?"

"तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता."

"तो बिचारा विचारतोय, आपण नाही कशाला म्हणायचं?"

मी उगाच बघायचं म्हणून त्यांचं सेटिंग उघडलं. आणि बघतच राहिले. जुनी आवृत्ती. ताईच्या फोनवर होती तीच. आणि त्याखाली: 'सुरक्षा दुरुस्ती बसवली आहे.' तेच भोक, तोच क्रमांक. छोटीशी दुरुस्ती, दोन फोटोंएवढी. नवे रंग नाहीत, नवी बटणं नाहीत. नुसती कडी.

मी चार वेळा वाचलं. मग मदतकेंद्राला फोन लावला. काका काउंटरवर हात ठेवून उभेच होते.

"ही दुरुस्ती सुटी मिळते?" मी विचारलं.

"हो मॅडम. जे फोन नवी आवृत्ती पेलू शकत नाहीत, त्यांना सुटी दिली जाते."

"म्हणजे तुमच्याकडे ती तयार आहे. बनवलेली आहे."

"हो मॅडम."

"मग माझ्या बहिणीच्या फोनला द्या ना! आवृत्ती तीच आहे!"

"त्यांचा फोन त्यासाठी पात्र नाही, मॅडम."

"का?"

"त्यांचा फोन नवी आवृत्ती पेलू शकतो म्हणून."

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे चांगला असल्याबद्दल शिक्षा?" काका पुटपुटले. इतकी वर्षं या धंद्यात, आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. औषध तयार करून बाटलीत भरून ठेवलंय, आणि देत नाहीत. कशाला? तर लोकांनी नवी आवृत्तीच घ्यावी म्हणून.

मी काहीतरी जोरात बोलले असणार, कारण ती मुलगी घाईघाईने म्हणाली, "मॅडम, सुरुवातीला सगळ्यांनाच दिली होती. पहिले वीस दिवस तुमच्या बहिणीच्या फोनलाही ती सुटी मिळत होती. नंतर बंद झाली. त्या काळात आपोआप बसायला हवी होती." मग ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "फोनचं अपडेट कोणी बंद केलं होतं का?"

मी काउंटर धरला. समोर ठिपक्यांचा कागद होता, अर्धा वापरलेला. वीस दिवस ती दुरुस्ती ताईच्या दारात उभी होती आणि मी आतून कडी घातली होती. त्यांची लबाडी खरी, पण भोक उघडं ठेवणारा हात माझा होता. आणि एकट्या ताईचं नव्हे. दुकानाच्या वहीत बघायला गेले तर आठ वर्षांतले शेकडो फोन.

"पोरी, बस," काका म्हणाले. त्यांनी आपलं स्टूल आणून दिलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. आईने ताईला ढकललं तेही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मग फोन हातात घेऊन म्हणाले, "हा जुना आहे आणि याची कडी बसवलेली आहे. तुझ्या ताईचा आवाज यात बसेल का?"

"बसेल. प्रत आहे आमच्याकडे."

"मग घे. मला तिचा दे. धुऊन पुसून दे मात्र. आणि माझ्या गिऱ्हाइकांची मापं यातून त्यात घाल, नाहीतर एकाचं पोट दुसऱ्याला बसेल."

ज्या माणसाला मी आठ वर्षं 'सगळ्याला हो म्हणणारे काका' म्हणून हसत होते, तो असा हो म्हणाला. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

त्या संध्याकाळी मी आधी ताईला खरं सांगितलं. ठिपका मी लावला, वीस दिवस मी घालवले. तिने वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी खोडाखोडीच्या खाली एकच ओळ ठेवली आणि वही माझ्याकडे फिरवली. 'आईला माझा आवाज परत दे, मग भांडू.'

रविवारी मी काकांचा फोन टेबलावर घेतला. मापं काढली, फोन कोरा केला, दुरुस्ती जागेवर आहे ना ते तीनदा पाहिलं, आणि पेनड्राइव्हवरून अॅप चढवलं. ताईचा फोन धुऊन नवी आवृत्ती घालून काकांना दिला. "यात घड्याळ कुठे गेलं?" काकांचा पहिला प्रश्न. सवयीने माझं बोट ठिपक्यांच्या कागदाकडे गेलं. मी तो कागद कचऱ्यात टाकला आणि दारावर पाटी लावली: 'लाल ठिपका असलेला फोन असेल तर आजच घेऊन या. चूक माझी आहे.' लोक वाचतात आणि आत यायला बिचकतात. पण येतात.

घरी आई खिडकीशी बसली होती. ताईने नवा-जुना फोन हातात घेतला. मी मागे उभी होते. ताईने टाइप केलं.

"आई, मी आलेय गं."

तोच आवाज. पाच दिवसांनी. मला वाटलं, आई आता हसेल, रडेल, काहीतरी बोलेल. आई ताठ झाली. तिने मान आवाजाकडे वळवली, आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

"कोण?"

ताईचा चेहरा मला बघवला नाही. त्या एका शब्दासाठी मी स्वतःला कधी माफ करीन असं वाटत नाही. आईने हात पुढे केला आणि फोनची पाठ चाचपली. खालचा कोपरा. तिथे काहीच नव्हतं.

"ठिपका नाही यावर," आई म्हणाली. "हा तिचा नाही."

"आई, ठिपका मी काढून टाकला," मी म्हणाले. "ठिपक्यानेच घात केला."

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ताई खाली बसली, तिच्या गुडघ्यांशी, आणि आपला उजवा हात आईच्या मांडीवर नुसता ठेवला. धरला नाही. आईने तो हळूहळू चाचपला. अंगठा, बोटं, मग करंगळी. ताईची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालीय. आईनेच दार लावलं होतं. आईची बोटं त्या वाकड्या हाडावर थांबली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."

ताईचा उजवा हात आईने सोडला नाही. ताईला डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला फार वेळ लागत होता. आई प्रत्येक शब्दासाठी थांबून राहिली.